नमुना परत हवा

लॅम्डा झीटा या कॉलेजातल्या भगिनीमंडळाच्या घरात, जिथे त्याच्या मुली एकत्र राहत, जिन्याशेजारची भिंत नव्याने रंगवली होती आणि तिच्यावर बारा खिळे ठोकले होते. अकरा खिळ्यांवर फोटो लागले होते. बारावा खिळा रिकामा होता आणि तो नेमका आर्डिस टॉलेफसनच्या फोटोशेजारी होता.

घराला शंभर वर्षं झाली म्हणून ही भिंत. वर पितळी अक्षरांत 'आमच्या नामवंत भगिनी' असं लिहिलं होतं. एक न्यायाधीश होती, वल्हवण्याच्या शर्यतीत पदक मिळवलेली एक होती, वीस वर्षं टीव्हीवर हवामान सांगणारी एक होती, आणि १९३१ साली एका डुकराला शेजारी बसवून तळ्यावरून विमान नेणारी एक होती. आर्डिस राज्याच्या जलप्रयोगशाळेची पहिली स्त्री प्रमुख. फोटोत ती पांढऱ्या कोटात, चाळीस वर्षांनी लहान दिसत होती. तिने एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मिस टॉलेफसन, तुम्ही उभ्या का? बसा ना." ब्रिन आली. यंदाची अध्यक्ष. वय वीस, गळ्यात गाठ मारलेला रुमाल, हातात यादी. "लेमन बार खाल्लात?"

"दोन खाल्ले."

"आजीला सांगते मी, तिने केलेत. ती म्हणत होती, बेचाळिसाव्या वर्षापासून तुम्ही साखर सोडलीय."

"तुझी आजी लव्हॉन ना? तिला सांग, मी सोडली होती. साखरेने मला सोडलं नाही."

ब्रिन हसली आणि रिकाम्या खिळ्याकडे बोट करून म्हणाली, "हा बारावा. ही आमची सगळ्यात मोठी. म्हणजे तुमच्यापेक्षा मोठी असं नाही म्हणत मी."

"म्हण ना. खरंच आहे ते."

"सिग्ने ग्रिन्यॉन. दगडफुलाची तज्ज्ञ. झाडाच्या सालीवर दगडफूल किती उरलंय त्यावरून हवा किती बिघडलीय ते सांगायची. गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हा पेपरात अर्धं पान आलं होतं. आम्हाला पत्ताच नव्हता ती आपली आहे याचा. मला सह्यांच्या वहीत सापडली. दोनशे अठ्ठ्याऐंशीवी सही, सिग्ने हाउगेन." ब्रिनने आवाज थोडा खाली आणला. "गंमत म्हणजे बासष्टच्या मोठ्या फोटोत, प्रत्येकीचा चेहरा वेगळ्या चौकटीत असतो ना त्यात, ती नाही. वहीप्रमाणे त्या वर्षी घरात एकेचाळीस जणी होत्या. फोटोत चाळीस चेहरे आणि एका चौकटीत आपलं मानचिन्ह. त्या दिवशी आजारी असेल."

"आजारी नव्हती," आर्डिस म्हणाली.

पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोणीतरी कॉफीच्या मोठ्या किटलीबद्दल ओरडलं आणि ब्रिनने तिकडे मान वळवली. परत वळली तेव्हा ती दुसऱ्याच गोष्टीवर होती.

"आणि आज मेणबत्तीपण आहे. दाराच्या मुठीला निळी रिबीन पाहिलीत ना? कोणी मागितलीय ते विचारू नका हं. ते अध्यक्षाच्या पोटात."

"पोटातच राहू दे," आर्डिस म्हणाली.

तिचा आवाज बदललेला ब्रिनला कळला नाही. "तुमच्या वेळीही ब्लूसाठी जागा सोडायचे का हो वर्तुळात?"

"ब्लू कोण?"

"भूत. निळ्या रिबिनीची. फार पूर्वी एकदा मेणबत्ती फिरली, वर अंगठी बांधलेली, आणि कोणी फुंकलीच नाही. कारण जिची अंगठी ती वर्तुळात होती, पण जिवंत नव्हती. म्हणून आम्ही एका माणसाची जागा मोकळी ठेवतो."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे."

ब्रिन गेली. आर्डिस खुर्चीवर बसली. तिला विझलेल्या वातीचा वास आला. आजूबाजूला कुठेही काही पेटलेलं नव्हतं. हा वास तिला एकसष्ट वर्षं येत होता. प्रयोगशाळेत असताना आला की ती सगळे बर्नर तपासून पाहायची. नंतर नंतर तिने तपासणंही सोडून दिलं.

रीत साधी होती. एखादीचा साखरपुडा झाला की ती फक्त अध्यक्षाला सांगे आणि अंगठी तिच्याकडे देई. अध्यक्ष ती मेणबत्तीला निळ्या रिबिनीने बांधे आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवी. दिवसभर तर्क चालत. जेवणानंतर पडदे ओढून सगळ्या गोल उभ्या राहत आणि मेणबत्ती हातातून हातात जाई. पहिली फेरी घरासाठी. दुसरी ज्यांना एखाद्या मुलाने प्रेमाची खूण म्हणून आपलं पदक लावायला दिलंय त्यांच्यासाठी. तिसऱ्या फेरीत जिची अंगठी तिने फुंकर मारायची. फुंकर मारली की सगळ्या गप्प होत, आणि जिने फुंकली तिला बोलावं लागे. तोपर्यंत ती कोण हे अध्यक्षाखेरीज कोणालाही ठाऊक नसे.

बासष्टच्या एप्रिलमध्ये अध्यक्ष आर्डिस होती.

सिग्नेने तिला अंगठी दिली होती कपडे वाळत घालायच्या गच्चीत. चांदीचं नाणं ठोकून ठोकून केलेली अंगठी. आतल्या बाजूला नाण्याच्या सालातले दोन आकडे अजून वाचता येत होते. "रसेलने केलीय. लाकडाच्या गिरणीत जेवणाच्या सुट्टीत रोज थोडी थोडी. त्याचे लोक मेनॉमिनी आदिवासी, उत्तरेला त्यांच्या वस्तीवर असतात. तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही हं, आर्डी. आईलासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिसेस केटरिंग आल्या. त्या माजी विद्यार्थिनींच्या वतीने घरावर देखरेख करायच्या, हातमोजे घालून यायच्या. टेबलावरची अंगठी पाहून म्हणाल्या, "नाण्याची आहे वाटतं. कोणाची? मला सांगायला हरकत नाही ना तुला, आर्डिस? तू तर समजूतदार आहेस."

नियम आहे, असं आर्डिसला म्हणता आलं असतं. दोन शब्द होते. पुढे काय होईल ते तिला ठाऊक होतं. तिने कधी स्वतःला फसवून 'ठाऊक नव्हतं' असं सांगितलं नाही. पण समजूतदार म्हटल्यावर तिला बरं वाटलं होतं. तिने नाव सांगितलं. त्याचंही, आणि तो कुठला तेही.

पाच वाजता सिग्नेच्या ब्लाउजवरचं लॅम्डा झीटाचं पदक काढून घेतलं गेलं आणि तिची पेटी गाडीत ठेवली गेली. मुलींना सांगितलं, तिची आई आजारी आहे. सहा वाजता जेवण झालं. अंगठी टेबलावरच होती. मेणबत्ती रद्द केली असती तर चाळीस मुलींनी सिग्नेचं जाणं आणि अंगठी यांची सांगड घातली असती. म्हणून आर्डिसने पडदे ओढले, काडी लावली आणि ती फिरवली. तिसऱ्या फेरीत हसू होतं, चौथ्या फेरीत कुजबुज होती, पाचव्या फेरीत लव्हॉन रडायला लागली. मेण रिबिनीपर्यंत आलं तेव्हा आर्डिसने वात बोटांनी चिमटून विझवली. फुंकायची तिची हिंमत झाली नाही. जी फुंकते तिला बोलावं लागतं.

अंगठी परत पाठवायची होती. पाठवायची म्हणजे सोबत चिठ्ठी, आणि चिठ्ठी म्हणजे त्यात काहीतरी लिहायचं. आठवडा गेला, मग वर्ष गेलं. पुढे नोकरी लागल्यावर तिने ती काचेच्या छोट्या झाकणाच्या बाटलीत घातली आणि बाटली कोरड्या हवेच्या बरणीत, निळ्या खड्यांवर ठेवली. ते खडे ओल शोषतात आणि गुलाबी होतात. गुलाबी झाले की ती ते भट्टीत तापवून पुन्हा निळे करायची. चांदी काळी पडू नये म्हणून. निवृत्त झाल्यावर तिने बरणी घरी नेली.

आज ती बाटली तिच्या पर्समध्ये होती. का आणली, हे तिने सकाळी स्वतःला विचारलं नव्हतं.

"मिस टॉलेफसन, या डेलिया ग्रिन्यॉन. सिग्नेबाईंची मुलगी." ब्रिन पुन्हा समोर उभी होती, बरोबर साठीकडे झुकलेली एक रुंद खांद्यांची बाई. तिच्या काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेली चौकट होती. "या तुमच्या आईच्या वेळच्या अध्यक्ष."

डेलियाने हात पुढे केला नाही. तिने भिंतीवरचं नाव वाचलं, मग आर्डिसकडे पाहिलं.

"ए. टी.," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल." ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि चौकट गुडघ्यांवर घेतली. ब्रिन दोघींसाठी कॉफी आणायला गेली. "लहानपणी पोस्टातून पाकिटं मीच आणायची. आई सालीचे नमुने पाठवायची, तुमचे आकडे यायचे. गंधक इतकं, शिसं इतकं, खाली ए. टी. एकोणीस वर्षं. आई म्हणायची, ए. टी.चा आकडा पुन्हा तपासायला लागत नाही."

"मी तिचे नमुने तीनदा करायचे."

"आणि बाकीच्यांचे?"

"दोनदा."

डेलियाने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं. "सालीचे उरलेले तुकडे पण परत यायचे. आमच्याकडे खोकं भरलंय. मी एकदा विचारलं, आई, ही काय सोन्याची सालं आहेत का? जंगल मागच्या दाराशी आहे आपल्या. ती म्हणाली, सवय राहावी म्हणून मागवते."

आर्डिसच्या डोळ्यासमोर तो छापील फॉर्म आला. सगळ्यात खालची ओळ: नमुना परत हवा? त्यापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. कोणीच 'होय' वर खूण करत नसे. चमचाभर माती किंवा सालपट परत घेऊन कोण काय करणार? फक्त एस. ग्रिन्यॉनच्या फॉर्मवर दर वेळी, एकोणीस वर्षं, 'होय' वर खूण असे. पेन इतकं दाबून केलेली, की मागच्या बाजूला बोटाला लागे. शेरा लिहायची जागा कायम कोरी. आर्डिस सालीचे तुकडे मोजून, पाकिटात घालून, परत पाठवत राहिली होती.

"कोणाची सवय?" तिने विचारलं.

"ते नाही सांगितलं," डेलिया म्हणाली आणि ब्रिनच्या हातून कॉफी घेतली.

तीन वाजता पडदे ओढले. ऑक्टोबरचं ऊन पडद्यांच्या कडांतून येत होतं, तेवढंच. आजच्या मुली आणि जुन्या मिळून साठेक जणी गोल उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या होत्या. आर्डिसने नको म्हटलं. तिच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती.

"इथे कोणी येतंय का?" तिने पलीकडच्या मुलीला विचारलं.

"ब्लूची आहे ती," मुलगी सहज म्हणाली.

डेलिया वर्तुळाबाहेर, दाराशी उभी होती. कागदातली चौकट तिने छातीशी धरली होती.

मेणबत्ती निघाली. पांढरी, उंच, खाली निळी रिबीन. ती हातात आली तेव्हा आर्डिसने पाहिलं की रिबिनीला अंगठी नव्हती. गाठ मात्र अंगठी अडकवायची होती, मधे वेटोळं ठेवून मारलेली. वेटोळ्यात काही नव्हतं.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. मुली एकमेकींना कोपराने डिवचत होत्या. मोकळ्या जागेपलीकडची मुलगी दर वेळी वाकून, हात लांबवून मेणबत्ती आर्डिसच्या हातात द्यायची, आणि ज्योत त्या जागेवरून येताना आडवी व्हायची. पुढे आर्डिसकडे नव्हे, तर मागे, मोकळ्या जागेकडे. चालत्या ज्योतीने जरा मागे झुकावं हे बरोबरच. पण आर्डिसने बारकाईने पाहिलं. मुलीचा हात थांबला तरी ज्योत तशीच झुकलेली राहत होती. तिने खिडक्या पाहिल्या, बंद होत्या. धुराडं कधीचं विटांनी बुजवलं होतं. दार डेलियाच्या पाठीमागे लावलेलं होतं. आणखी एक कारण असणार, जे तिला दिसत नव्हतं. प्रयोगशाळेत ती नव्या पोरांना हेच सांगायची: कारण असतं, तुम्ही अजून मोजलेलं नसतं.

तिसरी फेरी पुरी झाली. कोणी फुंकलं नाही.

चौथ्या फेरीत हसणं थांबलं. ब्रिन कोणाकडेच पाहत नव्हती. खुर्चीतून लव्हॉन म्हणाली, "ए पोरी, असलं काही करू नका गं. माझ्याने पाहवत नाही." तिने मेणबत्ती पुढे दिलीच नाही. नातीने ती तिच्याकडून घेतली आणि पुढे दिली.

चौथ्यांदा आर्डिसने मेणबत्ती घेतली आणि पुढे दिली. दिली आणि तिचे हात रिकामे झाले, तेव्हा तिला कळलं की हेच ती करत आली होती. आलं की मोजायचं, आणि पुढे पाठवायचं.

पाचव्या फेरीत पलीकडच्या मुलीचा हात मोकळ्या जागेवरून आला. ज्योत मागे झुकलेली. आर्डिसने मेणबत्ती घेतली, तोंडाजवळ आणली आणि फुंकली. ब्याऐंशी वर्षांची फुंकर. ज्योत नुसती वाकली आणि पुन्हा उभी राहिली. तिने श्वास भरून घेतला आणि परत फुंकली.

अंधार झाला. मग कोणीतरी टाळी वाजवली, सवयीने, आणि अंधारातच लव्हॉन म्हणाली, "आर्डिस, बाई गं, आता या वयात?" हशा पिकला. तो ओसरेपर्यंत आर्डिस थांबली. कोणीतरी पडदा ओढला.

"बासष्ट साली एप्रिलमध्ये ही मेणबत्ती अशीच फिरली होती," ती म्हणाली. "तुम्ही जिला ब्लू म्हणता ती मेलेली नव्हती. वर्तुळातही नव्हती. तिला दोन तास आधी या घरातून घालवून दिलं होतं, कारण तिने मेनॉमिनी मुलाशी लग्न ठरवलं होतं. तिचं नाव सिग्ने हाउगेन. मानचिन्हाखाली तिचाच चेहरा आहे. आणि तिने ते एकाच माणसाला सांगितलं होतं."

ब्रिनच्या हातातली यादी खाली आली.

"मला. मी मिसेस केटरिंगना सांगितलं. आणि नंतर, कोणाला कळू नये म्हणून, मीच मेणबत्ती फिरवली. लव्हॉन, तू रडलीस तेव्हा मी तुला सांगितलं होतं की कोणीतरी थट्टा केलीय. ती थट्टा नव्हती."

लव्हॉनने चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. आर्डिस वर्तुळातून बाहेर आली, मोकळ्या जागेला वळसा घालून, आणि दाराशी गेली. पर्समधून बाटली काढायला तिला वेळ लागला. झाकण घट्ट बसलं होतं. डेलियाने चौकट भिंतीला टेकवली, तिच्या हातून बाटली घेतली आणि झाकण फिरवून उघडलं. अंगठी तळहातावर पडली. एकसष्ट वर्षांत ती जराही काळी झाली नव्हती.

"परत करायची राहिली," आर्डिस म्हणाली.

डेलियाने अंगठी उजेडाकडे धरून आतले दोन आकडे वाचले. बोटात घातली नाही. "बाबांनी दुसरी केली नाही. लोक विचारायचे, ते म्हणायचे, एक केलीय, तळ्याकाठच्या घरात आहे, येईल." तिने मूठ मिटली. "मेणबत्ती मी मागितली होती. आईने सांगून ठेवलं होतं, त्या घराने कधी बोलावलं तर जा आणि मेणबत्ती फिरवायला लाव. विझली तर फोटो दे. नाही विझली तर काही न बोलता घेऊन ये."

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मी गाडी रस्त्याकडे तोंड करून लावलीय."

तिने कागद फाडला. फोटो साध्या लाकडी चौकटीत होता. साठीची सिग्ने एका देवदारापाशी उकिडवी बसलेली, हातात छोटं भिंग. फोटो काढणाऱ्याने बहुधा हाक मारली असावी. भिंग डोळ्यापुढेच धरून तिने मान वळवली होती. त्यामुळे एकच डोळा मोठा दिसत होता, चेहऱ्यापेक्षा मोठा, आणि तो कॅमेऱ्याकडे नाही, थोडा डावीकडे पाहत होता. भिंग धरलेल्या बोटांत अंगठी नव्हती.

ब्रिन हातोडी घेऊन आली होती, पण खिळा आधीच होता, तेव्हा ती नुसतीच उभी राहिली. "मिस डेलिया, आम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी... बासष्टचा तो फोटो आम्ही उघडून—"

"ते तुम्ही नंतर बघा," डेलिया म्हणाली आणि स्वतःच फोटो लावला. एक पाऊल मागे येऊन तिने तो सरळ केला.

आर्डिसने दोन्ही फोटो एकत्र पाहिले. मग ती पुढे झाली आणि पांढऱ्या कोटातल्या स्वतःच्या चौकटीला तिने हात घातला.

"राहू द्या," डेलिया म्हणाली.

"माझी जागा नाही इथे."

"ते मला माहीत आहे. राहू द्या. आईला दिसत राहील."

आर्डिसने हात काढला. सिग्नेचा मोठा डोळा डावीकडे, बरोबर शेजारच्या चौकटीवर रोखलेला होता. तीस सेंटिमीटरचं अंतर असेल. डेलिया दार उघडून निघून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि वळावर नाहीसा झाला.

मुली पांगल्या तरी कोणी त्या मोकळ्या जागेतून चाललं नाही. आर्डिसने पलीकडच्या टेबलावर मेणबत्ती पाहिली, रिबिनीतलं वेटोळं अजून तसंच होतं. विझलेल्या वातीचा वास येत होता. तिने ब्रिनला हाक मारली.

"तुला येतोय का वास?"

ब्रिनने नाक वर केलं. "मेणबत्तीचा? हो. येतोय की."

"बरं," आर्डिस म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्या डोळ्यासमोर बसली.